'जाने भी दो यारो' पाहताना नागपुरातलं काय आठवलं? किस्से लिहा

ऑक्टोबर 2025 मध्ये सतीश शाह गेले, तेव्हा जो तो त्यांच्या 'साराभाई' मालिकेबद्दल लिहीत होता. मला आधी आठवला तो 'जाने भी दो यारो'तला त्यांचा डिमेलो. केक थोडा खा, थोडा फेक असं शिकवणारा पालिका आयुक्त, आणि मेल्यावरही सगळ्यांना नाचवणारं त्याचं प्रेत. कुंदन शाह यांनी एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशात केलेला 1983 चा हा सिनेमा मुंबईचा आहे, मान्य. उड्डाणपुलाचं कंत्राट, बिल्डर तरनेजा, त्याचा वैरी अहुजा आणि मध्ये सापडलेले दोन भोळे फोटोग्राफर, विनोद आणि सुधीर. पण डिसेंबरात अधिवेशन आलं आणि सिव्हिल लाइन्सचे डिव्हायडर रंगवायला घेतले की मला तो इथलाच वाटतो.

आवडला-नावडला नको. तो पाहताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काय आठवलं ते लिहा. माणसाचं, कार्यालयाचं नाव टाकू नका, उगाच कोर्टकचेरी नको. स्वतःच्या नावाऐवजीही फक्त आपली वस्ती लिहा.

महाल

आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. घर चालायचं पासपोर्ट फोटो आणि लग्नांवर, पण मार्च आला की कंत्राटदार यायचे. बिल निघायला कामाचे फोटो लागत. मी सोबत जायचो, पाटी धरायला. शाळेची काळी पाटी, तिच्यावर खडूने योजना, गाव आणि तारीख.

उमरेडकडच्या एका शिवारात एक विहीर होती. चांगली बांधलेली, पाणीही होतं. मी पूर्वेला पाटी धरून उभा राहिलो, बाबांनी फोटो काढला. कंत्राटदाराने बोटाला थुंकी लावून गावाचं नाव पुसलं, दुसरं लिहिलं आणि मला पश्चिमेला उभं केलं. पुन्हा फोटो. तिसऱ्या गावाच्या वेळी म्हणाला, "पोरा, शर्ट बदल." माझ्याजवळ दुसरा कुठला? ड्रायव्हरचा काढून दिला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला, आणि ड्रायव्हर बनियनवर गाडीत जाऊन बसला.

सगळं बदललं, पण मागची बाभूळ कोण हलवणार? ती तिन्ही फोटोंत आहे. सिनेमात विनोद आणि सुधीर फोटो मोठा करत जातात आणि खून दिसतो, तिथे सगळे खुर्चीत पुढे सरकतात. मला तिथे ती बाभूळ दिसते. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "आपण फोटो काढतो, विहीर नाही काढत."

आता फोटोवर अक्षांश-रेखांश येतात म्हणे. त्यावरही तोड निघाली असणार, आपल्याकडे हुशारीला तोटा नाही.

प्रतापनगर

"पोरा, शर्ट बदल"! इथेच मेलो बे.

गोकुळपेठ

मी लेखा शाखेतून निवृत्त झाले. डिमेलोच्या स्मरणार्थ ते गटारावरचं भाषण आहे ना, देशाची प्रगती गटारावरून ओळखावी असं काहीतरी, ते मी प्रत्यक्ष ऐकलंय. आमच्या एका साहेबांचा निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ, समोसा, संत्रा बर्फी. एक कंत्राटदार भरल्या गळ्याने उठला आणि म्हणाला, "साहेबांनी उभ्या नोकरीत एक बिल अडवलं नाही!" हॉल गप्प. साहेब नारळाकडे पाहत राहिले. टाळ्या वाजवाव्या तर पंचाईत, न वाजवाव्या तर तीही पंचाईत. शेवटी मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. ऑडिटची मंडळी होती, त्याच आठवड्यात तपासणीला आलेली.

मनीषनगर

मला हा सिनेमा पाहून हसू येत नाही. वडील सचोटीचे होते आणि त्याची किंमत आम्ही बदल्यांत मोजली, गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत. मी दर दोन वर्षांनी नवीन शाळेत. शेवटी पूल पडतो आणि शिक्षा होते ती या दोघांना. कैद्यांच्या कपड्यात रस्त्यावर येऊन ते गळ्यावरून हात फिरवतात, मागे 'हम होंगे कामयाब'. बाबा त्याच्या आधीच टीव्ही बंद करायचे. विनोदी सिनेमा म्हणून मित्रांना घरी बोलावून तो लावणारे लोक मला कळत नाहीत.

धागाकर्ता

मनीषनगर, हेही लिहायलाच हवं होतं. हसू न येणाऱ्यांनीही लिहा.

धंतोली

भक्ती बर्वेंचं नाव कोणीच काढलं नाही! 'ती फुलराणी'वाल्या भक्ती बर्वे इथे 'खबरदार'च्या संपादक शोभा आहेत, आणि त्यांचा खबरदारपणा शेवटी सौद्यावर येतो. माझ्या आईला ते पचलंच नाही, ती म्हणाली, "बाईंनी ही भूमिका घ्यायला नको होती." मी छापखान्यात काम केलंय. अधिवेशनाच्या तोंडावर जी साप्ताहिकं अचानक जिवंत होतात, त्यांचे विशेषांक छापलेत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शुभेच्छा. एकदा संपादक म्हणाले, "आतली दोन पानं रिकामी ठेवा. शुभेच्छा आली तर शुभेच्छा, नाही आली तर बातमी."

इतवारी

तुमी सारे सिनेमा सांगून राहिले, मी मारबत सांगतो. पुण्या-मुंबईचे वाचून राहिले असन तर त्याइच्यासाठी : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, काळी अन् पिवळी मारबत निघते, म्हंजे बाईच्या मोठ्या पुतळ्याइची मिरवणूक. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. संगं बडगे, म्हंजे माणसाइचे पुतळे. ज्याचा राग, त्याचा बडग्या.

आमच्या पोरांनी एक साल डिमेलोचा केला. बांबू, रद्दी, जुन्या चादरी. एका हातात थर्माकोलचा केक, दुसऱ्या हातात मधातून मोडलेला पूल. पोट एवढं झालं का गल्लीतून निघेच ना, मंग कापा लागलं. आदल्या रात्री वॉर्डातले एक नेते आले. बडग्याभवती पुरी फेरी मारली.

"हा कोण व्हय?"

"सिनेमातला डिमेलो, भाऊ."

"मी त नाही ना?"

"नाही जी."

"मंग माह्यावानी निळं जाकीट काहून घातलं?"

कोणीच बोलेना. त्याइनं खिशातून पाचशे काढले, वर्गणी म्हणून देल्ले, अन् जाकिटाचा रंग बदलवा म्हणे. पोरांनी रातोरात तपकिरी मारला. दुसऱ्या दिवशी भाऊ मिरवणुकीत हजर, तपकिरी जाकीट घालून!

प्रतापनगर

आणि पाचशेचं काय झालं?

इतवारी

रीतसर पावती फाडली ना बे. नावाच्या जागी 'एक हितचिंतक' लिहा म्हणे.