पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो, काय चुकतंय?

देवघेव_खिडकी
अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात काम करते. हुद्दा सहायकाचा, पण झाडूपासून दाखल नोंदवहीपर्यंत सगळं माझ्याकडेच. मे महिन्यात आम्ही सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८ उघडं ठेवतो, दुपारी पारा ४४ला असला की कुत्रंही बाहेर पडत नाही. आज कुलूप काढायच्या आधीच पायरीवर सतरा पोरं. सुटीपुरते बालसभासद केलेत, एका वेळी एकच पुस्तक. तर अर्ध्या तासात "वाचून झालं" म्हणून परत हजर! एकाच्या पुस्तकात ३२-३३ पानांमध्ये आंब्याचा रस, वाळून कडक झालेला. "मी नाही, बहिणीनं सांडला." बहीण शेजारीच उभी, कोपरापर्यंत पिवळी. त्या गडबडीत एका आजोबांनी पेपरातलं शब्दकोडं कापून खिशात घातलं. दिसलं, पण उठायला सवड कुठे.

बाइंडिंगला पाठवायचं तर अनुदानाची वाट बघा. म्हणून खिळखिळी झालेली एक-दोन पुस्तकं घरी आणते आणि रात्री शिवते. दाभण, मेण लावलेला दोरा, मैद्याची खळ. हा माझा छंद, बाकी गच्चीवर चार मोगरे आहेत. शिवण छान बसते. पण पुठ्ठ्याला कापड चिकटवून कूलरसमोर वाळत ठेवलं की सकाळी कडा वर. नवरा म्हणाला, "यात पोहे वाढता येतील." काय चुकतंय?

जुना_पुठ्ठा
ताई, आधी कूलर बंद करा. तीस वर्षं हेच काम केलं, म्हणून सांगतो. खळ लागली की कापड फुगतं आणि वाळताना आखडून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. झटपट वाळवलं की जास्तच. आतल्या बाजूनंही कागद डकवा, म्हणजे ओढ दोन्हीकडून होते. मग दोन सपाट फळ्यांमध्ये घालून वर वजन ठेवा. मध्ये कोरे कागद घाला, तासाभरानं बदला, आणि रात्रभर हात लावू नका.

दुसरं, पुठ्ठा कापायच्या आधी आडवा-उभा हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूनं सहज वाकतो, ती घडी पुस्तकाच्या पाठीला समांतर यायला हवी. नवशिके पुठ्ठा वाचवायला आडवा कापतात, तिथंच फसतात.

खळखळाट
खळीत चिमूटभर मोरचूद घालायचं, झुरळं फिरकत नाहीत. आमचे आजोबा घालायचे.

जुना_पुठ्ठा
आम्हीही घालायचो. पण ते विष आहे, आणि हे पुस्तक पोरांच्या हातात जाणार, पान उलटताना बोट जिभेला लागणार. त्यापेक्षा खळ थोडीच शिजवा, उरलेली फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकायची. आणि फाटक्या पानाला सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळा पडतो आणि चिकटा कागदात उतरतो. पातळ कागदाची पट्टी लावा.

समुद्राकाठची
मी रत्नागिरीची. आमचं नगर वाचनालय १८२८चं, तेव्हा दमट हवेशी भांडणही तेवढंच जुनं असणार! माझ्या घरच्या कपाटात पावसाळाभर बुरशी, तुमच्याकडे पुठ्ठ्याचे पापड. देवघेव, मोगऱ्याला पाणी कितीदा घालता? माझा नुसता पानांनीच भरलाय.

देवघेव_खिडकी
सकाळ-संध्याकाळ. पण आधी फांद्या छाटा आणि ऊन द्या, पाण्यानं फुलं येत नाहीत.

फळ्या नव्हत्या, दोन पोळपाट घेतले आणि वर पाटा ठेवला. सकाळी सहालाच काढावं लागलं, सासूबाईंना चटणी वाटायची होती. एक कोपरा अजून किंचित वर आहे, पण पोह्यांची बशी राहिली नाही. ते रसाचंच पुस्तक होतं. ३२-३३ पानं वाफेवर धरून सोडवली, डाग राहिला. आज काउंटरवर ठेवताच त्या बहिणीनं मागितलं. हात धुऊन ये म्हटलं, तर फ्रॉकला पुसून आली.