१६ वर्षं मोजतेय मी, सही दुसऱ्याची. आता पदवी करू का?

मोजणारी
मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे. म्हणजे लोकांचे काटे, प्रेशर गेज, मायक्रोमीटर बरोबर मोजतात की नाही, ते मोजायचं. १६ वर्षं झाली. शिक्षण म्हणाल तर इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका. पुढे डिग्रीला प्रवेश घेतला होता, पण मध्येच 'तात्पुरती' म्हणून ही नोकरी धरली आणि परत गेलेच नाही. घरी अडचण वगैरे काही नव्हती. अभ्यासाचा कंटाळा आला होता आणि पगार सुरू झाला होता, इतकंच.

आता वय ३८. आमच्या प्रमाणपत्रावर खाली दोन नावं येतात: 'मापन केले' आणि 'मंजूर'. पहिलं माझं. दुसरं आधीच्या साहेबांचं असायचं, ते निवृत्त झाल्यावर ती जागा २६ वर्षांच्या एका पदवीधर मुलाला मिळाली. मला तोंडी सांगितलं, "तुमचं काम उत्तमच आहे हो, पण पदवी नाही. ऑडिटला अडचण येईल."

मुलगा चांगला आहे, उगाच खोटं कशाला बोलू. "ताई, जरा बघता का" म्हणत रोज येतो. परवा बाहेरून गार पडलेल्या स्लिप गेज (लांबी ताडून पाहायचे अचूक मापाचे ठोकळे) आल्या, हा पेटी उघडून लगेच मोजायला बसला. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. १०० मिलिमीटरचं स्टील एका अंशाला एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) थोडं जास्तच हलतं. म्हटलं, राहू दे त्यांना रात्रभर खोलीत. राहू दिल्या. अनिश्चिततेचा, म्हणजे मापात किती फरक असू शकतो त्याचा, हिशेब मी मांडला, सही त्याने केली.

बाहेर अर्ज करून पाहिला. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'पदवीचे वर्ष' या रकान्यापुढे लाल चांदणी. रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. १६ वर्षांचा अनुभव लिहायची जागा त्या पुढच्या पानावर.

दूरस्थ पदवीला तीन-चार वर्षं जातील. करू का? 'स्वतःवर विश्वास ठेवा' छापाची उत्तरं कृपया नकोत.

भटका_ढग
पदवी म्हणजे नुसता कागद! मायकेल फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता. रामानुजन कॉलेजात नापास झाला. गुण असेल तर जग झुकतं.

आडवा_प्रश्न
ढगा, रामानुजनला केंब्रिजने १९१६ मध्ये संशोधनावर बी.ए. दिली. पदवीशिवायचा हिरो म्हणून ज्याला उभा करतोस, त्याच्याकडेही कागद होता. आणि ताईंनी हेच नको म्हणून सांगितलं होतं.

चाळणीवाला
मी ११ वर्षं नोकरभरतीत आहे. त्या लाल चांदणीच्या मागे बसणाऱ्यांपैकी एक समजा.

एका जागेला ३०० अर्ज येतात, वाचायला दोन दिवस. मला तीनशेंचे वीस करायचे असतात, तेही साहेबाने 'याला का घेतलं' विचारलं तर उत्तर देता येईल असे. पदवीची अट त्यासाठी सोयीची. 'पदवीधर होता' म्हटलं की निवड चुकली तरी माझ्यावर येत नाही. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये मांडलं की मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो खूण शोधतो, आणि शिक्षण ही तशी खूण होऊ शकते, मग त्यात काही शिकलेलं असो वा नसो. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. आम्ही तेच रोज करतो, नोबेलशिवाय.

'आम्ही पदवीची अट काढली' अशा घोषणांवरही फार विसंबू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासली, तर त्या बदलाचा फायदा ७०० नेमणुकांमागे एकीलाही धड झालेला नव्हता. जाहिरात बदलली, चाळणारा माणूस तोच राहिला.

आता तुमचं. खूण लागते ती अनोळखी माणसासाठी. तुम्हाला तिथे १६ वर्षं ओळखतात, त्यांना तुमची कुवत दिसतेय. तरीही ते पदवी मागत असतील तर ती कुवतीसाठी नाही, दुसऱ्या कशासाठी तरी. कशासाठी, ते आधी काढा. बाहेर जायचं असेल तर मात्र पदवी करा, तिथे माझ्यासारखाच कोणीतरी बसलेला असेल. परदेशाचा विचार असेल तर आणखी एक: अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी कमी पडणाऱ्या पदवीच्या एका वर्षाला त्या कामाचा ३ वर्षांचा अनुभव धरता येतो. तुमचे अनुभवाचे दाखले जपून ठेवा.

कलम_सहा
मी लॅबचं ऑडिट करतो, त्यामुळे 'ऑडिटला अडचण' वाचून हात शिवशिवले.

आयएसओ १७०२५, म्हणजे चाचणी आणि कॅलिब्रेशन लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याची २०१७ ची आवृत्ती उघडा. कलम ६.२.२ म्हणतं की प्रत्येक कामासाठी कोणती सक्षमता लागते ते लॅबने लिहून ठेवावं: शिक्षण, अर्हता, प्रशिक्षण, तांत्रिक ज्ञान, कौशल्य, अनुभव. काय लागतं ते ठरवायचं लॅबने. 'पदवीच हवी' असं तिथे नाही. ६.२.६ मध्ये निकाल तपासून मंजूर करायचा अधिकार नेमून देण्याबद्दल आहे. तो एकालाच द्यावा असंही नाही, ठरावीक मापनांपुरता दुसऱ्यालाही देता येतो.

मान्यता देणाऱ्या संस्थेची वेगळी अट असू शकते, तीही वाचा. पण तोंडी उत्तर घेऊ नका. "कोणत्या कलमानुसार?" एवढंच लेखी विचारा. लॅबमध्ये या प्रश्नाला सगळे घाबरतात.

रात्रीची_विद्यार्थिनी
मी ४३ व्या वर्षी पदवी घेतली. पदविकेमुळे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. तुम्हीही विचारा, आणि आधी पास झालेले विषय धरतात का तेही.

खरं सांगू? निम्मे विषय मला येत होते, वर्गात बसून जांभया दिल्या. पण संख्याशास्त्राच्या पेपरने माझी जिरवली. रीडिंग किती विखुरली आहेत ते सांगणारं प्रमाण विचलनाचं जे सूत्र दहा वर्षं एक्सेलमध्ये डोळे मिटून वापरत होते, त्यात ९ रीडिंग असताना ८ ने का भागायचं ते तेव्हा कळलं. तेवढ्यासाठी तीन वर्षं घालवावीत का, माहीत नाही. निकाल लागला तेव्हा ऑफिसात कोणी पेढासुद्धा मागितला नाही. दोन वर्षांनी नोकरी बदलली, तेव्हा तो रकाना भरायला तीन सेकंद लागले.

मोजणारी
सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितेय, कारण कलम_सहांचं ऐकून आमचं क्वालिटी मॅन्युअल काढलं.

मान्यता देणाऱ्या संस्थेची अट 'पदवी, किंवा पदविका आणि पुरेसा अनुभव' अशी निघाली. नुसती 'पदवी आवश्यक' आहे ती आमच्याच मॅन्युअलमध्ये, सात वर्षांपूर्वीच्या सुधारणेत. खाली 'टंकलेखन' समोर माझी आद्याक्षरं. साहेबांनी सांगितलं होतं, मी टाइप केलं होतं. तेव्हा ती ओळ माझ्याबद्दल आहे हे डोक्यातही आलं नाही.

संख्याशास्त्राचं वाचून जरा गप्प झाले. आठने का भागतात, मलाही नीट सांगता येत नाही. त्यामुळे प्रवेशाचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. मुदत महिनाअखेर आहे.

दरम्यान मॅन्युअल बदलायची विनंतीही भरली, दाब आणि वजन या दोन मापनांपुरती दुसरी सही मिळावी म्हणून. त्या फॉर्मवरही दोन नावं असतात. 'विनंती करणार' इथे माझं, 'मंजूर' इथे त्या मुलाचं. काल त्याने वाचला आणि म्हणाला, "ताई, हे कलम जरा समजावता का?"