जोडीतल्या गिनीपिगचे केस जातायत, वेगळं करावं का?

ढमीची आई
दोन माद्या आहेत, एक तीन वर्षांची, दुसरी आठ महिन्यांची. पाच आठवडे एकत्र. मोठीच्या पाठीवर मागच्या बाजूला नखाएवढे दोन चट्टे पडलेत. कातडी स्वच्छ, खपली नाही, खाजवतही नाही. हे ताणाने की धाकटीच्या दादागिरीने? वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवू का?

गवतकाडी
वेगळं करायची घाई नको. आधी भिंगातून चट्टा बघा. कातडीजवळ लहानमोठे, तुटके खुंट दिसले तर केस गळलेले नाहीत, कुरतडलेले आहेत. कातडी अगदी गुळगुळीत असेल तर कारण वेगळं.

कुरतडलेले असतील तर दात कोणाचे? डोकं, मान, खांदे इथे स्वतःचं तोंड पोचत नाही, म्हणजे ते जोडीदाराचं काम. कुशी, पोट, पाय इथे स्वतःचंही असू शकतं. पाठीच्या मागच्या भागाबद्दल नुसतं बघून सांगता येत नाही. रात्रभर मोबाइलवर चित्रण करा, उलगडा होईल. (कानामागचं टक्कल मात्र जन्मतःच असतं, त्याला घाबरू नका.)

ताणामुळे केस आपोआप झडतात असं समजून बसू नका. ताणलेला किंवा कंटाळलेला प्राणी केस चावतो, आणि अंगावर आधीपासून गुपचूप असलेले खरजेचे माइट ताणाच्या काळात उसळतात. एकटं ठेवणं हाही ताणच; कळपातला प्राणी आहे.

दोन चिमटे
वरच्याशी सहमत, पण मादी तीन वर्षांची आहे हे विसरू नका. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होत असतील आणि खाज नसेल तर अंडाशयातल्या गाठींचा संशय घ्यायचा. त्याचं निदान सोनोग्राफीने होतं, जोडीदार बदलून नाही.

माइट असतील तर खाज भयंकर असते, खपल्या धरतात, हात लावला की प्राणी किंचाळतो, कधी झटकेही येतात. औषध पशुवैद्याने वजन करून ठरवायचं, साधारण 7 ते 14 दिवसांच्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं, आणि ते दोघींनाही. कुत्र्यामांजरांचं औषध अंदाजाने टाकू नका. नाक, डोळे, कानाभोवती गोल खपल्या असतील तर नायटा असू शकतो. तो माणसालाही होतो, हातमोजे घाला. आणि कोणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिन लिहून दिलं तर थांबवा. पेनिसिलिन गटाने गिनीपिगच्या आतड्यातले जीवाणू बिघडून जीव जाऊ शकतो.

ढमीची आई
भिंगाने बघितलं, खुंट आहेत. चित्रणात धाकटी गवताच्या जाळीपाशी मोठीचे केस ओढताना दिसली. घर एकच, दार एकच, जाळीही एकच.

पिंजरेवाला
मग गोष्ट सरळ आहे: भांडण गवतावरून आणि दारावरून चाललंय. एका दाराच्या घरात दांडगी दारात बसली की दुसरीला पळायला वाट नाही. घरं दोन हवीत, प्रत्येकाला दोन दारं. गवत दोन कोपऱ्यांत, पाण्याच्या बाटल्या दोन, खाण्याचे वाडगेही लांब लांब. दोघींना मिळून निदान 0.7 चौरस मीटर सपाट जमीन लागते. माळे केले तर ते वरकड, जागेत धरू नका.

गवत रात्रीतही संपता कामा नये. तंतू कमी पडले की दातांना काम लागतं आणि शेजारणीची पाठ समोरच असते. व्हिटॅमिन सी रोज, वजनाच्या दर किलोला 10 ते 30 मिलिग्रॅम, पण पाण्यात नको. त्यात ते लवकर निकामी होतं आणि चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो.

पाठलाग, चढणं, घुमत चालणं चालेल, रँक ठरतेय. रक्त निघालं किंवा गुंतून चावाचावी झाली तर मध्ये जाळी घाला, पण वास आणि आवाज पोचू द्या. जोडी तोडण्याची गरज सहसा पडत नाही. दोघींचं वजन आठवड्यातून एकदा घ्या. मोठीचं घटू लागलं तर धाकटी तिला खाऊ देत नाहीये किंवा दुखणं दुसरंच आहे.

गवतकाडी
नवे खुंट दिसायचे थांबले की समजा जमलं. जुने चट्टे भरायला काही आठवडे जातील, तेवढ्यात रोज केस ओढून बघू नका.