लुडविग: कंपनी नक्की कोणती, आणि जुन्या स्नेअरचं साल कसं ओळखायचं?

नवा_ठेका
नमस्कार मंडळी. लुडविग या अमेरिकन ड्रम कंपनीची ५ बाय १४ इंची सुप्राफॉनिक मॉडेलची स्नेअर (खालच्या बाजूला तारा असलेला छोटा ड्रम) विकत घेण्याचा विचार आहे. दहा लग्ज (हेड, म्हणजे ड्रमचा पडदा, ताणणारे स्क्रू बसतात ते भाग), पितळी बॅज, त्यावर शिकागो आणि सिरियल नंबर. विकणाऱ्याच्या मते ती १९६४ची आहे आणि शेल (ड्रमचं गोल खोड) पितळेचं आहे. नंबरावरून साल पक्कं ठरतं का? शिवाय लुडविग १९०९ची म्हणतात, मग १९४०च्या दशकातल्या ड्रमवर डब्ल्यूएफएल का असतं?

नगारखाना
घराणं एकच, पण नाव मध्ये हातचं गेलं होतं. विल्यम आणि थिओबाल्ड या भावांनी १९०९मध्ये शिकागोत सुरुवात केली ती बास ड्रमच्या पेडलवर. विल्यम स्वतः वादक. तेव्हाची पेडल्स रॅगटाइम या अमेरिकन संगीताच्या लयीला पुरी पडत नव्हती, म्हणून त्याने झटकन परतणारं पेडल बनवलं. थिओबाल्ड १९१८च्या फ्लूच्या साथीत गेला. पुढे मंदीच्या तोंडावर कंपनी कॉन या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीला विकली गेली आणि कारखाना इंडियानातल्या एल्कहार्टला हलला. विल्यमचं तिथे जमेना. १९३७मध्ये त्याने शिकागोत नवा कारखाना काढला, पण 'लुडविग' हे नाव कॉनकडे, म्हणून स्वतःची आद्याक्षरं लावली: डब्ल्यूएफएल. स्पीड किंग पेडल त्याच काळातलं. १९५५मध्ये नाव परत विकत घेतलं. म्हणजे १९४०च्या दशकात लुडविग कुटुंबाचे ड्रम डब्ल्यूएफएल नावाचे, आणि लुडविग नावाचे ड्रम कॉनचे! खरेदी करताना इथेच गल्लत होते.

१९६४च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकन टीव्हीवर दिसले, रिंगोच्या बास ड्रमवर लुडविगचं नाव होतं, आणि मागणीचा पूर आला. १९८१मध्ये कंपनी सेल्मर या वाद्यकंपनीकडे गेली, पुढे उत्पादन नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रोला हललं.

थापकरी
नंबरावर साल ठरवू नका. नंबर १९६३च्या अखेरीस सुरू झाले, पण बॅज खोक्यातून हाताला येईल तसे लागत. त्यामुळे एक-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. वर रुंद, खाली निमुळता पितळी बॅज असेल तर साधारण १९६९पर्यंतची. त्यानंतर निळा-ऑलिव्ह बॅज आला.

पितळेबद्दल मात्र शंका घ्या. पितळी शेल नंबर सुरू होण्याच्या सुमारासच बंद होऊन अॅल्युमिनियमची आली, म्हणजे नंबर असलेली त्या काळातली पितळी सुप्रा विरळाच. लोहचुंबकाने निकाल लागत नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. स्नेअर वायर सैल करा, स्ट्रेनरचे (त्या वायर ताणणाऱ्या खटक्याचे) स्क्रू काढा आणि शेलच्या भोकाची कड टॉर्चने बघा. पिवळी दिसली तर पितळ, राखाडी-पांढरी असेल तर अॅल्युमिनियम. बॅज उचकटू नका. तो हवेच्या भोकातल्या ग्रोमेटवर (धातूच्या कडीवर) बसलेला असतो, एकदा वाकला की मूळपण गेलं.

नवा_ठेका
आभार! फोटोत क्रोमवर बारीक फोड आणि पांढरे डाग दिसतायत.

थापकरी
मग अॅल्युमिनियमच म्हणा. त्यावर क्रोम मुळातच नीट धरत नाही. बारीक छिद्रांतून ओल आत गेली की खाली पांढरा ऑक्साइड धरतो आणि मुलामा उचलला जातो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे वाढतंच. स्टील वूल किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका, सुटलेलं क्रोम पापुद्र्याने निघेल. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने घाम पुसा, वर गाडीचं मेण पातळ लावा. पुन्हा मुलामा चढवण्याच्या फंदात पडू नका, मूळ फिनिश गेलं की किंमत पडते. डागांनी आवाजात काही फरक पडत नाही. बघायचं ते बेअरिंग एज, म्हणजे हेड टेकतं ती शेलची कड: दोन्ही हेड काढून शेल सपाट काचेवर ठेवा, आत टॉर्च लावा. खालच्या कडेला स्नेअर वायरसाठी मुद्दाम केलेला उथळ खोलगटपणा सोडून इतर कुठे कडेखालून उजेड आला तर शेल वाकलेलं असू शकतं, ती स्नेअर सोडून द्या.