जागा डिझायनरची, परीक्षा कोडिंगची: तुमचे अनुभव लिहा

खडूवाली

गेल्या मंगळवारी अंधेरीच्या एमआयडीसीत मुलाखतीला गेले होते. जाहिरातीत जागा होती ‘सीनियर ग्राफिक डिझायनर’. खाली फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, फिग्मा. इथवर ठीक. पुढच्या ओळीत एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट या वेबसाइट लिहायच्या भाषा ‘आवश्यक’ आणि त्यातलंच पुढचं रिअ‍ॅक्ट ‘येत असल्यास प्राधान्य’. म्हटलं, लिहितात सगळेच, जाऊन तर बघू. बारा वर्षांचं काम फाइलीत लावून नेलं: औषधांची खोकी, दोन दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, एका मसालेवाल्याची सगळी पाकिटं. समोरच्या मुलाने मसाल्यापर्यंतसुद्धा पानं उलटली नाहीत. लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, “मॅम, हा बॉक्स पेजच्या बरोबर सेंटरला आणून दाखवा.”

कागदावर मी मधोमध नजरेने लावते. तेही मोजलेल्या मध्यापेक्षा केसभर वर, कारण डोळ्याला तोच मध्य वाटतो. इथे कोड लिहून आडवा मध्य दोन मिनिटांत जमला, उभ्यासाठी अर्धा तास झगडले. बॉक्स वरून खाली सरकेचना. शेवटी “इट्स ओके मॅम” झालं. मरोळ नाक्याला वडापाव खाल्ला, मेट्रोत बसल्यावर रडू आलं आणि घाटकोपर येईपर्यंत त्याचा राग झाला.

म्हणून हा धागा. तुमच्याकडून कुठे काय मागितलं, तुम्ही काय केलंत, पुढे काय झालं ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत. आणि ‘सोपं असतं, यूट्यूबवर शिका’ असा प्रतिसाद द्यायला ज्यांचे हात शिवशिवतायत त्यांनी आधी एक मुखपृष्ठ करून दाखवावं. (हलकेच घ्या.)

ऑफसेटकाका

ताई, तुमचा बॉक्स वाचून मला १९९१चा पेजमेकर आठवला, संगणकावर पानं मांडायचं सॉफ्टवेअर.

मी जे. जे.चा, उपयोजित कलेचा. गिरगावात एका छापखान्याच्या माळ्यावर आमचा स्टुडिओ होता. ब्रोमाइडवर (फोटोच्या कागदावर) आलेला मजकूर कटरने कापायचा, रबर सोल्युशनने जाड कार्डावर चिकटवायचा, वर ट्रेसिंग लावून त्यावर रंगांच्या टक्केवाऱ्या लिहायच्या. ओळ तिरकी गेली की उचकटून पुन्हा. खालच्या खोलीत जुळारी बसायचे, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवणारे. फोटोटाइपसेटिंग आलं तेव्हा निम्मे गेले, संगणक आला तेव्हा उरलेले. मालकाने संगणक आणला, हार घातला, नारळ फोडला आणि मला म्हणाला, “आता मजकूरही तुम्हीच टाका. एकाच मशीनवर होतंय ना सगळं!” मग टायपिंग माझं, मुद्रितशोधन माझं आणि फ्लॉपी घेऊन प्रोसेसवाल्याकडे (छपाईच्या फिल्म काढणाऱ्याकडे) धावणंही माझंच. जुळाऱ्यांचे पगार वाचले ते कुठे गेले, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

दुसरी बाजूही सांगतो. ऑफसेट मला पुरतं कळायचं. कागद पकडणाऱ्या ग्रिपरला किती जागा सोडायची, आर्ट पेपरवर बारीक राहणारा ठिपका न्यूजप्रिंटवर किती पसरतो, काळ्या पट्ट्यात पांढरी बारीक अक्षरं ठेवली की शाई भरून ती कशी बुजतात, हे माहीत नसेल तर मुखपृष्ठ करूच नये. दिवाळी अंकाच्या दिवसांत रात्री दोनला मशीनपाशी उभं राहून “निळा जरा उतरव रे” म्हणून सांगितलंय. पण मशीनमन रजेवर आहे, तेव्हा आज तुम्हीच चालवा, असं कोणी म्हणालं नाही. त्या मुलाने तुम्हाला ते म्हटलं.

विरार_स्लो

माझ्या बायोडेटात जावास्क्रिप्ट होतं. एचआरने पाऊण तास जावाचे प्रश्न विचारले. दुसऱ्याच प्रश्नाला सांगितलं की या दोन वेगळ्या भाषा आहेत, तर म्हणे, “हो, पण ते शॉर्टफॉर्मच ना?”

नोकरी मिळाली. तीन वर्षं झाली, तिथे फक्त सणांच्या शुभेच्छांच्या पोस्टी करतोय.

मात्रावेलांटी

माझा अनुभव जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत आमची एजन्सी. मोठ्या ग्राहकाची मराठी साइट आली. मी मथळे, रंग, मांडणी करून दिली. साइट चढली आणि मी बघतच राहिले. प्रत्येक मथळ्यातली शिरोरेषा तुटलेली! डेव्हलपर चेन्नईचा, गुणी मुलगा, पण देवनागरी वाचता येत नव्हती. इंग्रजी मथळ्यांना शोभतं म्हणून त्याने सगळीकडे लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, दोन पिक्सेल दिलं होतं. रोमन अक्षरं त्याने ऐसपैस दिसतात, आपली अक्षरं मात्र दात पडल्यासारखी. त्याला मेल लिहिला, तो म्हणाला, “गॅप इज युनिफॉर्म.” खरंच होतं, सगळीकडे सारखीच तुटली होती.

मग ओळींमधलं अंतर. इंग्रजीच्या हिशेबाने लाइन-हाइट कमी ठेवलेली आणि बटणाबाहेर जाणारं काहीही दिसू नये अशी सूचना. त्यामुळे वरच्या मात्रा आणि रफार कापले गेले, खालचे उकार गायब. ‘पूर्ण करा’ या बटणावर ‘पण करा’ दिसत होतं. ग्राहकाच्या ऑफिसातल्या एका बाईंनी फोन करून विचारलं, “पण काय करा?”

तिसऱ्या दिवशी मी खुर्ची ओढून घेतली आणि त्या दोन ओळी कोडमध्ये कुठे असतात ते शोधून काढलं. लेटर-स्पेसिंग शून्य, लाइन-हाइट दीडच्या वर. माझं सीएसएस असं सुरू झालं, चिडचिडीतून. नंतर कळलं की ग्राहकाचा अर्धा मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहे, म्हणजे साइटवर चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. तो युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणायचं कामही माझ्याच पदरात, कारण रूपांतरात कुठली जोडाक्षरं बिघडली हे टीममध्ये मलाच दिसायचं.

एवढं मराठी डिझायनरला यावं असं माझं ठाम मत आहे. र. कृ. जोशींसारखा सुलेखनकार संगणकाच्या खोलीत शिरला, म्हणून विंडोजवर ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट आला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतील असे खुले करून ठेवले. अक्षरं इतकी चांगली मिळत असताना ती पडद्यावर नीट उमटतायत का, हे बघायला आपल्याशिवाय कोण येणार?

पण पुढचंही ऐका. मला दोन ओळी सुधारता येतात हे कळल्यावर सहा महिन्यांत साइटच्या सगळ्या दुरुस्त्या माझ्याकडे आल्या. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला “मोबाइलवर मेनू उघडत नाही, बघतेस का?” पद तेच, पगार तोच. वाढ मागितली तर साहेब म्हणाले, “अगं, तुला शिकायला मिळतंय ना!” दीड वर्षाने सोडली.

दुकानदार

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय, कारण असल्या जाहिराती मीही देतो.

ठाण्यात माझा चार माणसांचा स्टुडिओ आहे. माझं गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर, साड्यांचे व्यापारी, क्लासवाले. त्यांना लोगो, कार्ड, दुकानावरची पाटी, गणपतीतल्या शुभेच्छांचा फ्लेक्स आणि वेबसाइट असं सगळं एका कोटेशनमध्ये लागतं. वेबसाइटचे वेगळे पैसे म्हटलं की “माझा भाचा फुकट करतो” हे उत्तर ठरलेलं. दोन माणसं ठेवली तर एकाचा पगार मला खिशातून द्यावा लागतो. म्हणून दोन्ही येणारा एक शोधतो.

आणि ते रिअ‍ॅक्टचं म्हणाल तर, खरं सांगतो, दुसऱ्या जाहिरातीतून उचललं होतं. आमच्याकडे वर्डप्रेसच्या (तयार साच्यातून साइट बनवायच्या साधनाच्या) पलीकडे काही होत नाही.

खडूवाली

दुकानदार, प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण राग गेलेला नाही. तुमच्या त्या उचललेल्या शब्दामुळे किती जणींनी अर्जच केला नसेल? ‘वर्डप्रेसमध्ये फोटो आणि मजकूर बदलता यावा’ एवढं लिहिलं असतंत तर मीच आले असते. ठाणे तर मला जवळ.

दुकानदार

मान्य. पुढच्या वेळी तसंच लिहितो.

फ्लॅशबॅक

शिका म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: नेमकं काय शिकू?

२००४ साली दादरला क्लास लावला, फ्लॅश (साइटवर हलती चित्रं करायचं सॉफ्टवेअर) आणि त्याची भाषा अ‍ॅक्शनस्क्रिप्ट. फी आईच्या भिशीतून. त्या वेळी प्रत्येक कंपनीला साइट उघडल्याबरोबर काहीतरी हलणारं-वाजणारं हवं असे, ‘स्किप इंट्रो’ बटणासकट. माझं बरं चाललं होतं. आयफोनने फ्लॅश कधी घेतलाच नाही. एप्रिल २०१० मध्ये आयफोनवाल्या स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून त्याची कारणं सांगितली. ते वाचून आम्ही हसलो होतो. दोन-तीन वर्षांत काम आटलं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्यावर पडदा टाकला. मुलीला माझं जुनं काम दाखवायला गेलो तर एकही फाइल उघडेना. सहा वर्षांची मेहनत एका सीडीच्या पाकिटात पडून आहे.

वाया गेलं म्हणवत नाही. चेंडू खाली येताना वेग घेतो, वर जाताना मंदावतो, ही लय तिथेच हाताला लागली आणि आज व्हिडिओत तीच विकतो. भाषा मात्र गेली. आता कोणी ‘अमुक आवश्यक’ म्हटलं की मला भिशी आठवते.

कोडवाला

मी पलीकडच्या टेबलावरचा. फ्रंट-एंड, म्हणजे साइटचा दिसणारा भाग लिहिणारा, ऐरोलीत. आमचीही रडगाणी ऐका.

डिझायनर फिग्मात एकच पडदा देतात, लॅपटॉपच्या रुंदीचा. मोबाइलवर काय करायचं? “तू अ‍ॅडजस्ट कर ना.” चित्रात वापरणाऱ्याचं नाव ‘रवी’ असतं, खऱ्या यादीत निघतो ‘चंद्रशेखर लक्ष्मणराव’ आणि चौकट फुटते. यादी रिकामी असेल तर काय दिसावं, चूक झाली तर कुठल्या रंगात सांगावं, बटणावर बोट ठेवल्यावर काय व्हावं, काही नाही. एका फाइलीत मी अकरा वेगवेगळे करडे मोजले. विचारलं तर म्हणे दोनच आहेत.

पडदा कुठल्याही रुंदीचा असणार हे धरूनच मांडणी करायची, हे वेब डिझायनर इथन मार्कॉटने २०१० साली लेख लिहून मांडलं, त्याला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नावही दिलं. तरी अजून कागदासारखी मापं येतात. मार्जिन, पॅडिंग, फ्लेक्सबॉक्स (सीएसएसमधली बॉक्स मांडायची सोय), टक्केवारीतली रुंदी एवढं कळलं तरी आमचं निम्मं भांडण मिटेल. महिनाभराच्या संध्याकाळी पुरतात. जावास्क्रिप्टला मात्र डिझायनरने हात लावायची गरज नाही. खरंच नाही. त्यात माझी नोकरी आहे म्हणून म्हणत नाहीये (थोडं म्हणतोय).

अवांतर: खडूवाली, तो बॉक्स मधोमध आणणं हा आमच्यातलाही जुना विनोद आहे. फ्लेक्सबॉक्स येण्याआधी आम्हीही तो दरवेळी गूगल करायचो. मुलाखतीत तो विचारणाऱ्याने आदल्या रात्री स्वतः शोधला असेल.

परतीची_लोकल

मुलीसाठी सात वर्षं घरी होते. परत बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा सगळ्या जाहिराती तुम्ही म्हणताय तशाच. डोंबिवलीहून तेव्हा कुठे जायचं नव्हतंच, म्हणून दुपारी ती झोपली की शिकायचे. आठ महिने. स्वतःची छोटी साइट हाताने लिहिली. खूप अभिमान वाटला होता.

नोकरी मिळाली ती ई-मेलच्या जाहिराती बनवायची. पहिल्याच दिवशी कळलं, मी शिकलेलं नवं सीएसएस इथे चालत नाही. ग्राहकांच्या ऑफिसात विंडोजवरचं जुनं, क्लासिक आउटलुक, आणि ते २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलंय. म्हणून सगळी मांडणी टेबलांत, टेबलाच्या पोटात टेबल, पंचवीस वर्षांपूर्वीच्या साइटसारखी. सीनियर म्हणाली, “नवीन विसर, जुनं शीक.” हसावं की काय करावं!

पण कामाला आलेली गोष्ट सांगते. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत मी विचारलं, “हे कोडिंग दिवसातून किती तास?” समोरचे तिघे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला कधीतरी, दुसरी म्हणाली रोज निम्मा दिवस. त्यांचं त्यांनाच ठरलेलं नव्हतं. बाहेर थांबायला सांगितलं, वीस मिनिटांनी आत बोलावलं आणि आकडा वाढवून दिला. प्रत्येक ठिकाणी असं होईल असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

शेवटचं_वर्ष

जे. जे.मध्ये शेवटच्या वर्षाला आहे. इथलं वाचून पोटात गोळा आला. सुलेखन आवडतं, त्यातच काम करायचंय. आमच्या वर्गातले निम्मे कोडिंगचे क्लास लावतायत. मीही लावू का?

मात्रावेलांटी

लाव, पण स्वतःच काढलेलं एखादं अक्षर पडद्यावर आणायच्या निमित्ताने लाव. फॉन्ट बनवायला घेतलास तर जोडाक्षरं कशी जुळतात, रफार कुठे बसतो हे लिहून द्यावंच लागतं. तेही कोडिंगच आहे आणि ते येणारी माणसं फार थोडी आहेत.

ऑफसेटकाका

बाळा, तुझ्या कॉलेजपासून आमचा जुना छापखाना चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. शनिवारी दुपारी ये. खिळ्यांची एक केस मी भंगारात जाऊ दिली नाही. पंधरा-वीस ओळी हाताने जुळवून बघ. क्लासचं मग ठरव.

खडूवाली

धाग्याचं पुढचं: एमआयडीसीवाल्यांचा परवा फोन आला, दुसऱ्या फेरीला बोलावलं. (बॉक्स न हलवताही!) परतीची_लोकल यांचा प्रश्न फोनवरच विचारला. उत्तर आलं, “ऐंशी टक्के वेबसाइट, उरलेल्या वेळात डिझाइन.” म्हटलं, मग ही जागा माझी नाही. आज सकाळी त्यांची जाहिरात परत दिसली. आता जागा ‘वेब डेव्हलपर’ची आहे आणि खाली फोटोशॉप, इलस्ट्रेटर ‘आवश्यक’.

कोडवाला

अरे देवा. पगार?

खडूवाली

तोच. काका, शनिवारी मीही आले तर चालेल का? येताना त्या मसालेवाल्याची पाकिटं आणते, कोणीतरी शेवटपर्यंत बघा.