विषय: बनिअनच्या (पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी येणारा हाडाचा उंचवटा) ऑपरेशननंतर शिकारीचे बूट: बायकांचे वाइड की पुरुषांचे मिडियम?

नमस्कार मंडळी,
ओपनर, म्हणजे हरणाच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस, तोंडावर आलाय आणि जुने बूट उजव्या पायात जात नाहीत, म्हणून घाईघाईत लिहितेय. सर्जननी चालायला, चढायला मोकळीक दिलीय. हाड जुळलंय, पण संध्याकाळ झाली की अंगठ्याच्या बुडाशी सूज येतेच. बायकांच्या शिकारीच्या बुटांत वाइड मिळेना. दुकानातला मुलगा म्हणतो, अर्धा नंबर मोठा घ्या. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, पुरुषांचे घे. जागा नेहमीचीच, मिनेसोटातल्या बेमिजी गावाच्या वर. आधी ओली जमीन तुडवत जायचं, मग सकाळभर मचाणावर बसायचं. शरदकाका, तुम्ही जागा पाहिलीय, सांगा.
नीलिमा

---

नीलिमा,
अर्धा नंबर मोठा अजिबात घेऊ नकोस. लांबी वाढवली की बूट जिथे वाकतो ती जागा पुढे सरकते. तुझा चवडा वाकणार एका ठिकाणी, बूट दुसऱ्या, आणि तो सगळा ताण नेमका ऑपरेशन झालेल्या सांध्यावर. वर उतारावर पाय पुढे घसरून अंगठा आपटणार तो वेगळाच. तुला लांबी कमी पडत नाहीये, रुंदी कमी पडतेय.

मैत्रीण बरोबर सांगतेय. बायकांच्या मापात बी म्हणजे मिडियम आणि डी म्हणजे वाइड. पुरुषांत डी हेच मिडियम. म्हणजे पुरुषांचा साधा बूट तुला वाइडसारखा बसेल. नंबर दीडने कमी धर: तुझा साडेआठ असेल तर पुरुषांचा सात. दुकानात ती धातूची सरकपट्टी असते, ब्रॅनॉक, तिच्यावर दोन्ही पाय मापून घे, उभं राहून आणि संध्याकाळीच. नुसती टाच ते बोट लांबी बघू नका, टाचेपासून चवड्यापर्यंतचं मापही घ्या असं सांग. बरेच जण तो छोटा काटा सरकवतच नाहीत.
शरदकाका

---

शरदकाका, मापाचं पटलं. पण पुरुषांच्या बुटात टाचही रुंद असते त्याचं काय? टाच उचलली गेली की फोड आलेच. आणि लेसचे बूट हवेत कशाला? ओली जमीन आहे ना? निओप्रीनचे (लवचिक फोमसारखं रबर) गमबूट घे. पाणी शिरत नाही, चवड्याशी थोडे ताणले जातात, आणि हरणाला वासही कमी लागतो. मी कधीपासून तेच वापरतोय.
प्रकाश

---

प्रकाश, तुझ्या अंगठ्याला कुणी करवत लावलेली नाही. गमबूट चढवताना पाय घोट्याच्या अरुंद भागातून ढकलावा लागतो, अंगठा दुमडतो. काढताना तर विचारूच नकोस. शिवाय लेस नाही, म्हणजे सूज चढली-उतरली तरी बूट आहे तसाच राहणार.

टाचेचा इलाज लेसमध्येच आहे. सांध्याच्या वर येणारी भोकांची जोडी रिकामी सोडायची, लेस आडवी न नेता त्याच बाजूने सरळ वर न्यायची. घोट्याच्या वळणावर दोन वेढ्यांची गाठ मारून घट्ट करायचं, आणि मग वरचे हुक. पुढे सैल, मागे पक्कं. नीलिमा, रविवारी तालमीला ये, करून दाखवतो.
शरदकाका

---

सर्वांना विनंती: ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. दिवाळीच्या फराळाची नोंदणी अजून निम्म्या घरांची आलेली नाही आणि ती मेल या बुटांखाली गाडली गेली. कृपया वैयक्तिक चर्चा वैयक्तिक मेलवर करावी.
अनिरुद्ध

---

अनिरुद्ध, बर्फाच्या टायरांवर गेल्या वर्षी आठवडाभर मेल चालले होते तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. माझ्या आईला हेच ऑपरेशन सांगितलंय, मी हे सगळं जपून ठेवतेय. फराळाचं आमचं आजच कळवते, चकल्या माझ्याकडे.
स्वाती

---

नीलिमा, बूट कुठलेही घे, पण एक गोष्ट विसरू नकोस. या ऑपरेशननंतर अंगठ्याच्या आतल्या कडेची त्वचा बधिर राहू शकते, कधी काही महिने, कधी कायमची. तुला तिथे बूट घासतोय हे कळणारच नाही, आणि गारठलंय हेही नाही. माझ्याकडे फिजिओला येणाऱ्यांना मी सांगते: दुखायची वाट पाहू नका, डोळ्यांनी बघा. मचाणावरून उतरलीस की मोजा काढून पाय बघायचा. गरम करायच्या पुड्या बधिर कातडीला लावायच्या नाहीत, भाजलेलं कळत नाही.

बूट बघताना हात आत घालून चाचप. सांध्यावर शिवण येत असेल तर तो बूट बाजूला ठेव. बुटाचा तळ कडक आणि पुढे किंचित वर उचललेला असला तर उत्तम, अंगठ्याला कमी वाकावं लागतं. आणि थंडीसाठी दोन-दोन मोजे चढवू नकोस. बूट आवळला की रक्त फिरत नाही, पाय आणखी गार पडतात. एकच लोकरीचा जाड मोजा, सुती नाही.
मेधा

---

मेधाताईंचं मोज्याचं शंभर टक्के बरोबर. पण मग बसल्यावर ऊब कशी राहणार? ८०० ग्रॅम इन्सुलेशनचा, म्हणजे जाड उबदार अस्तराचा, बूट घेतला तर चालताना घाम, आणि तोच घाम बसल्यावर गोठवतो.
प्रकाश

---

प्रकाश, म्हणून ४०० चा घ्यायचा आणि बुटांवरून चढवायची ती जाड पिशवी, बूट-ब्लँकेट, पाठीवर न्यायची. बसल्यावर बुटासकट पाय तिच्यात. बूट हलका राहतो आणि आत बोटांना जागा मिळते. दुकानवाले ग्रॅमचे आकडे ऐकवतात, माणूस भुलतो आणि जाड अस्तराने आतली रुंदी खाल्लेली असते ते लक्षातच येत नाही.
शरदकाका

---

एक वेगळा प्रश्न: शिकारीत हरणाचं मटण मिळालं तर मंडळाच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) चालेल का? आमच्याकडे सगळे विचारतात.
स्वाती

---

स्वाती, हॉलवाल्यांना विचारून सांगतो. शाकाहारी टेबल वेगळं राहील हे नक्की. विकता मात्र येणार नाही, वाटता येतं.
अनिरुद्ध

---

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी जाऊन मापून आले. उजवा पाय डी, डावा बीच्या थोडा वर! पुरुषांचा सात, ४०० ग्रॅम, उजवा छान बसला, डाव्याची टाच हलते. शरदकाका, डाव्या बुटात आतून जाड सोल घालू की लेसनेच भागेल? आणि चामड्याचा उजवा बूट सांध्याच्या जागी थोडा ताणून देतो म्हणाले, गोल कडी आणि गोळा असलेल्या चिमट्याने. त्याने पाणी आत यायला लागेल का?
नीलिमा

---

डाव्यात आधी लेसच करून बघ. नाहीच जमलं तर टाचेखाली पातळ पॅड, पूर्ण सोल नको, नाहीतर पुढे बोटं वर चेपतील. ताणण्याचं मात्र आत्ता थांबव. आतलं जलरोधक अस्तर ताणलं की फाटू शकतं, आणि सूज उतरतेय तोवर माप बदलणारच. घरात कोरड्या फरशीवर घालून फिर, म्हणजे परत द्यायची वेळ आली तर घेतील. रविवारी दोन्ही बूट आणि तो लोकरीचा मोजा घेऊन ये, तालीम चारला आहे, मी साडेतीनला येतो.
शरदकाका