प्लेटलेटमधील प्रथिनांवरून स्तनाचा कर्करोग कळू शकतो का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. माझ्या आईला वयाच्या ४६व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार पूर्ण झाले आणि आज तिची प्रकृती चांगली आहे. मी आता ३८ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यातील सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) माझ्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी, ४ लाख ३० हजार आल्या आणि त्याच सुमारास, प्लेटलेटमधील प्रथिनांवरून स्तनाच्या कर्करोगाची चाहूल लागते का यावर संशोधन सुरू असल्याचे वाचनात आले. तेव्हापासून तो कागद रोज काढून बघते आहे. या आकड्यावरून काही अर्थ काढावा का? अशी तपासणी करून घ्यावी का?

उत्तर १ (जीवरसायनशास्त्राची प्राध्यापिका)

ताई, सर्वप्रथम तो कागद ठेवून द्या. दीड ते साडेचार लाख ही नेहमीची मर्यादा आहे आणि तुमचा आकडा तिच्या आत आहे. शिवाय सीबीसी प्लेटलेट मोजते. त्यांच्या पोटात काय आहे हे ती सांगत नाही आणि संशोधन चालू आहे ते नेमके त्या पोटातल्या ऐवजाबद्दल.

प्लेटलेटला केंद्रक नसते आणि तिचे आयुष्य जेमतेम सात ते दहा दिवसांचे असते, परंतु तेवढ्या काळात ती रक्तातून फिरताना काही निवडक प्रथिने टिपून आपल्या कणिकांत साठवते. गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, आणि त्या फुटण्यास उत्तेजन देणारे व्हीईजीएफ हे प्रथिन प्लेटलेट साठवतात. जुडा फोकमन आणि जियानूला क्लेमेंट या संशोधकांच्या गटाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत, गाठ अगदी सूक्ष्म असतानाही हे प्रथिन प्लेटलेटमध्ये वाढलेले आढळले, पण प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातील पेशी वगळता उरणाऱ्या द्रवात, तशी वाढ दिसली नाही. आशा आहे ती यातून. मात्र व्हीईजीएफ जखम भरतानाही कामाला येते, त्यामुळे एकट्या त्याच्या वाढीवरून कर्करोग म्हणता येत नाही.

उत्तर २ (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मेडिकल चौक परिसर)

प्राध्यापिकाबाईंच्या म्हणण्यात मी रोजच्या कामातली एक अडचण जोडतो. प्लेटलेटचे कामच मुळी इजा दिसताच साठा मोकळा करणे हे आहे, आणि आमची सुई तिच्या दृष्टीने इजाच असते. दंडाची पट्टी जास्त वेळ आवळली, शीर पटकन मिळाली नाही, नळी जोरात हलवली, की ती आतली प्रथिने बाहेर टाकू लागते. रक्त गोठू दिले तर वर उरणाऱ्या द्रवात, म्हणजे सीरममध्ये, व्हीईजीएफ प्लाझ्मापेक्षा कितीतरी जास्त दिसते, कारण ते गोठताना प्लेटलेटमधूनच सुटलेले असते. म्हणजे एकाच बाईचे, एकाच वेळी काढलेले रक्त दोन नळ्यांत दोन वेगळी उत्तरे देते. त्यातच मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, घरून नमुना घेऊन स्कूटरच्या डिक्कीत प्रयोगशाळेपर्यंत आणला, तर त्यातल्या आकड्यावर मी स्वतः विश्वास ठेवणार नाही. बर्फात ठेवणे हाही उपाय नव्हे. गारव्याने प्लेटलेटचा आकारच बदलतो. रक्तपेढीत त्या २० ते २४ अंशांवर ठेवतात, ते याचसाठी.

उत्तर ३ (कर्करोग शल्यचिकित्सक)

निदानासाठी अशी कोणतीही प्लेटलेट तपासणी आज प्रस्थापित नाही. कोणी तिची जाहिरात करत असेल तर पैसे खर्च करू नका. सीए १५-३ ही रक्त तपासणीसुद्धा आम्ही मुख्यतः पसरलेल्या आजाराच्या देखरेखीसाठी वापरतो, निरोगी स्त्रीमध्ये लपलेला आजार शोधण्यासाठी नव्हे.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचे आहे ते आईचे वय. आईला ज्या वयात आजार झाला त्याच्या साधारण दहा वर्षे आधीपासून मुलीची तपासणी सुरू करावी, असा प्रघात आहे, म्हणजे तुमची वेळ होऊन गेली आहे. डॉक्टरांकडून स्तनांची तपासणी करून घ्या आणि मॅमोग्राफीबद्दल (स्तनांच्या एक्स-रेबद्दल) विचारा. या वयात स्तनातील ऊती दाट असल्यास सोबत सोनोग्राफी लागू शकते. आईच्या जुन्या बायोप्सीचा अहवाल बरोबर न्या. बीआरसीए या, दोष असल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या, जनुकाची तपासणी करायची झाल्यास, शक्य असेल तर ती आधी आईचीच करावी.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आईच्या कपाटातली फाइल आज काढली. बायोप्सीचा कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला आहे. सोमवारची वेळ घेतली आहे आणि आईही सोबत येते म्हणाली.